दुपारी जाणारं नेट : चोपडा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या पट्ट्यात चोपडा तालुक्यातलं हे गाव. रस्त्याला लागून खत-बियाण्यांचं दुकान, वर पत्रे. दुकानाच्या मागे जुनं धाब्याचं घर, दीड ते दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतींचं. त्याच्या मागे अलीकडे बांधलेलं दोन मजली स्लॅबचं घर. मागच्या दारापासून केळीची बाग सुरू होते आणि विहीर घरापासून ९५ मीटरवर आहे. १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन दुकानात आलेलं, आणि फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला. कारण सोपं होतं. केबल तिथूनच आत आली, आणि उंचावर ठेवलं की रेंज लांब जाते असं जोडणाऱ्याने सांगितलं होतं.

एप्रिलच्या शेवटी घरच्या आप्पांची तक्रार एका वाक्यात आली: "दुपारले नेट जास, सांजले येस." उपायही घरात ठरून गेला होता. प्लॅन २०० एमबीपीएसचा करायचा. कंपनीला फोन करायचंच बाकी होतं.

तक्रार नीट विचारली तेव्हा एकाच्या जागी चार निघाल्या. दुपारी १ ते ५ च्या दरम्यान नेट पूर्ण जातं, पाच-सात मिनिटांनी येतं, परत जातं. वरच्या मजल्यावर धाकटी मुलगी स्पर्धा परीक्षेच्या ऑनलाइन वर्गाला बसते, तिथे दिवसभरच व्हिडिओ अडकतो. काही मोबाइल वाय-फायला जोडलेले दिसतात, पण खाली "इंटरनेट नाही" असं लिहून येतं. तोच मोबाइल बंद-चालू केला की कधी चालतो, कधी नाही. आणि विहिरीवरचा कॅमेरा पावसाळ्यात व्यवस्थित दिसायचा, दिवाळीनंतर हळूहळू दिसेनासा झाला.

या चारही तक्रारींना घरात एकच नाव होतं, "नेट स्लो". चौघींची कारणं मात्र चार निघाली, आणि त्यातलं एकही प्लॅन वाढवून गेलं नसतं.

आधी मोजणी

वाय-फाय म्हणजे तुमच्या यंत्रापासून घरातल्या डब्यापर्यंतचा रस्ता. इंटरनेट म्हणजे त्या डब्यापासून पुढचा. दोन्ही एकदम तपासले तर काहीच कळत नाही. मोबाइलवर स्पीड टेस्ट लावून येणारा आकडा नेमका असाच असतो, दोन्ही रस्त्यांचा मिळून एकच. म्हणून पहिली तपासणी वाय-फाय बाजूला ठेवून केली. लॅपटॉप केबलने थेट ओएनटीच्या गिगाबिट पोर्टला जोडला, त्याचं वाय-फाय बंद केलं आणि सकाळी १० वाजता वेग पाहिला. ९७ एमबीपीएस आला. म्हणजे कंपनी जे विकते ते दारापर्यंत पोहोचत होतं.

दुसरी तपासणी पिंगची. विंडोजमध्ये स्टार्टवर "सीएमडी" टाइप करून काळी खिडकी उघडायची आणि पिंग, हायफन एन, १००, मग राउटरचा पत्ता लिहायचा. या घरात तो १९२.१६८.१.१ होता. १०० छोटी पाकिटं जातात आणि परत येतात. केबलवरून शंभरच्या शंभर परत आली, प्रत्येकीला १ मिलिसेकंदाहून कमी वेळ. तीच आज्ञा वरच्या खोलीतून वाय-फायवर चालवली तेव्हा ११ पाकिटं हरवली आणि उरलेल्यांना ४ पासून ३८० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला. ही पाकिटं घराबाहेर गेलेलीच नाहीत, फक्त माळ्यावरच्या डब्यापर्यंत जाऊन आली. वरच्या मजल्याचा दोष घरातच आहे, हे इथे पक्कं झालं.

तिसरी मोजणी सिग्नलची. त्याच काळ्या खिडकीत इंग्रजीत "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस" लिहिलं की सिग्नल टक्क्यांत दिसतो, शिवाय कोणता चॅनल आणि किती वेगाने जोडणी झाली तेही दिसतं. टक्क्यांचे डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं एकक, करायला ढोबळ हिशेब चालतो: टक्के निम्मे करा, त्यातून १०० वजा करा. दुकानात सिग्नल इतका जोरदार होता की टक्के शंभरावरच थांबतात, म्हणून तिथे मोबाइलवरचं वाय-फाय मोजायचं अ‍ॅप वापरलं. दुकानात उणे ४२ आला. धाब्यात पहिल्या मातीच्या भिंतीमागे उणे ६८. वरच्या खोलीत लॅपटॉप ३८ टक्के दाखवत होता, म्हणजे उणे ८१.

हे आकडे कसे वाचायचे ते सांगायला हवं. दर १० डीबी घसरला की शक्ती दहावा हिस्सा उरते. उणे ४२ वरून उणे ८१ म्हणजे ३९ डीबी, जवळजवळ आठ हजारावा हिस्सा. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून बरा सिग्नल लागतो. उणे ८० च्या खाली जोडणी टिकते, पण काम होत नाही. मोबाइलवर वाय-फायच्या दोन काड्या दिसत राहतात आणि माणूस समजतो की रेंज आहे, दोष नेटचाच आहे.

अशा क्षीण जोडणीचा त्रास एकट्या वरच्या खोलीला होत नव्हता. तिथला लॅपटॉप ६.५ एमबीपीएसच्या जोडणीवर उतरला होता. वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलतं. जे ६५ च्या वेगाने बोलतं त्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दहापट वेळ तेवढ्याच मजकुरासाठी ६.५ वाल्याला लागतो. तोवर बाकीचे थांबून राहतात. वर वर्ग सुरू असताना खाली दुकानातला बिलाचा संगणक अडखळायचा, त्याचं कारण हे.

दुपारचं कारण

नेट गेल्यावर बहुतेक घरांत डब्याचा प्लग काढून परत लावतात. त्याने पुरावाच पुसला जातो. आधी दिवे बघावेत. लॉस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश येत नाही, म्हणजे फायबर तुटली, वाकली किंवा निसटली. तेव्हा कंपनीला फोन करणं एवढंच हातात असतं. पॉन लिहिलेला दिवा हिरवा स्थिर असेल तर फायबर ठीक आहे.

इथे दुपारी अडीच वाजता पाहिलं तेव्हा लॉस बंद, पॉन हिरवा. पाच मिनिटांनी सगळेच दिवे एकदम विझले आणि डबा नव्याने सुरू झाला. राउटरच्या पानावर, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून, अपटाइम नावाचा आकडा असतो. डबा किती वेळ सलग चालू आहे ते तो सांगतो. तिथे ३ मिनिटं होती. वीज गेलेली नव्हती, शेजारचा पंखा चालू होता. म्हणजे नेट जात नव्हतं, डबा स्वतः बंद पडून पुन्हा उठत होता.

संशय दोनांवर होता, उष्णता आणि अडॅप्टर. पत्र्यापासून वीतभर खाली ठेवलेला थर्मामीटर दुपारी ४७ अंश दाखवत होता. घरगुती राउटर आणि ओएनटीच्या माहितीपत्रकात बहुधा ० ते ४० अंश सभोवतालचं तापमान दिलेलं असतं. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे सावलीतलाच पारा ४४-४५ च्या घरात जातो. पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको.

पण नुसत्या उष्णतेने हे सगळं झालं असतं का? मल्टिमीटर लावल्यावर दुसरं टोक सापडलं. डब्याबरोबर आलेला मूळ अडॅप्टर १२ व्होल्ट, १.५ अँपिअरचा होता. तो मागच्या वर्षी व्होल्टेज वाढल्यावर जळला आणि बाजारातून १२ व्होल्ट, १ अँपिअर छापलेला स्वस्त अडॅप्टर आला. पिन बसली, दिवे लागले, विषय संपला. डबा चालू असताना त्याच्या टोकाला सकाळी ११.९ व्होल्ट मिळत होते आणि दुपारी १०.६. अशा अडॅप्टरमधले कपॅसिटर उष्णतेने लवकर खराब होतात, मग जास्त ओढ आली की व्होल्टेज खाली बसतं. सगळे मोबाइल जोडलेले असताना डबा जास्त वीज घेतो, त्याच क्षणी तो रीस्टार्ट व्हायचा.

अडॅप्टर बदलताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर मात्र मूळच्याइतके किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. १२ व्होल्टच्या डब्याला ९ व्होल्टचा लावला तर तो नीट चालणार नाही, जास्तीचा लावला तर जळू शकतो. २ अँपिअरचा लावला तर काही बिघडत नाही, डबा त्याला लागेल तेवढंच घेतो. पिनचा मधला भाग अधिक आहे ना, हेही अडॅप्टरवरच्या छोट्या चित्रात बघून घ्यावं. इथे १२ व्होल्ट, २ अँपिअरचा लावला. दुपारी त्याच जागी ११.८ मिळाले, त्या दिवशी एकदाच रीस्टार्ट झाला. तो एक उरला तो उष्णतेचा. जागा हलवणं भाग होतं.

थंड जागा आणि रेंजची जागा

या प्रकरणातला खरा पेच इथे होता. त्या तिन्ही इमारतींत दुपारी सगळ्यात थंड खोली धाब्यातली, मधल्या घरातली. जाड मातीची भिंत आणि वर मातीचं छत ऊन आत येऊ देत नाही. बाहेर ४४ असताना आत ३३ अंश होते. पण जी भिंत ऊन अडवते ती रेडिओलहरीही अडवते. त्या खोलीत डबा ठेवला तर तो थंड राहील आणि वाय-फाय त्याच खोलीत कोंडून पडेल.

यावर "जास्त अँटेनाचा राउटर घ्या" हा सल्ला सर्रास मिळतो. अशा घरात तो पैसे वाया घालवणारा आहे. राउटरची ताकद वाढली तरी मोबाइलची वाढत नाही, आणि बोलणं दोन्हीकडून व्हावं लागतं. मधेच पकडून पुढे फेकणारे रिपीटरही इथे उपयोगाचे नव्हते. रिपीटर जिथे लावायचा तिथेच सिग्नल उणे ७५ येत असेल तर तो तेच मोडकंतोडकं पुढे देणार, आणि एकाच चॅनलवर घ्यायचं-द्यायचं असल्याने वेग निम्मा करणार.

म्हणून ओएनटी धाब्याच्या थंड खोलीत न्यायचा आणि तिथून दुकानात व वरच्या मजल्यावर केबल टाकून दोन्ही ठिकाणी वेगळे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेलं नेट वाय-फायने वाटणारे डबे, लावायचे, असं ठरलं. भिंतीतून लहरी जात नसतील तर भिंतीला भोक पाडून तार न्यायची.

फायबर हलवण्याचं काम कंपनीच्या लाइनमनकडूनच करून घेतलं. माळ्यावर चार मीटर जादा फायबर गुंडाळलेली होती, ती पुरली. फायबरला तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वळण देऊ नये. खिळ्याला काटकोनात दुमडली तर आतला प्रकाश बाहेर गळतो. हिरव्या टोकाचा कनेक्टर हिरव्याच जोडणीत घालायचा, निळ्यात नाही, त्यांच्या टोकांचे काप वेगळे असतात. ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, हा आकडा उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असावा. हलवण्यापूर्वी उणे २०.६ होता, नंतर उणे २०.९. एवढा फरक चालतो. उणे २७ च्या जवळ गेला असता तर लाइनमनला लगेच परत बोलवावं लागलं असतं.

केबल कॅट-६, पूर्ण तांब्याची, बाहेर उन्हात टिकणाऱ्या काळ्या आवरणाची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, तिचा खोका उचलला की हलका लागतो. ती ठिसूळ असते, पिनेत मोडते आणि लांब अंतरावर जास्त अडचण करते. ९ मीटर दुकानाकडे, २२ मीटर वर. मातीच्या भिंतीला दोन फुटी ड्रिलने आतून बाहेरच्या दिशेला थोडं उतरतं भोक पाडलं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही, आणि त्यात २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घालून त्यातून केबल ओढली. मातीच्या भोकात केबल नुसती सोडली तर दोन पावसाळ्यांत उंदीर आणि ओल तिचा निकाल लावतात. विजेच्या वायरपासून फूटभर अंतर ठेवलं, आणि जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली.

पिन बसवण्याचा क्रम: पिनेची खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर ठेवून डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. वरच्या केबलला पहिल्यांदा नेट आलं, पण लॅपटॉपवर जोडणीचा वेग १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसत होता. हे लक्षण ओळखीचं आहे. १०० ला चारच तारा पुरतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला आठही लागतात. वेग १०० वर अडकला तर उरलेल्या चारांतली एखादी नीट बसलेली नाही. पिन उजेडात धरून बघितली तर आठवी तपकिरी तार टोकापर्यंत पोहोचलेलीच नव्हती, एका मिलिमीटरने मागे राहिली होती. पिन कापून पुन्हा क्रिंप केली, १ जीबीपीएस आलं.

"जोडलंय, पण इंटरनेट नाही"

रेंज वाढावी म्हणून घरच्यांनी आणलेला दुसरा राउटर माळ्यावर ओएनटीला खेटूनच ठेवला होता. एकाच जागी दोन राउटर ठेवून रेंज वाढत नाही. पण त्रास वेगळाच झाला होता. त्याच्या लॅन पोर्टमधून ओएनटीच्या लॅन पोर्टला तार लावली होती आणि बाकी काही बदललं नव्हतं.

नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ता देणारा घरात एकच असावा लागतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. इथे दोघे पत्ते वाटत होते. ओएनटी १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते द्यायचा, दुसरा राउटर १९२.१६८.० ने सुरू होणारे. मोबाइलने विचारलं की जो आधी उत्तर देईल त्याचं खरं. दुसऱ्याचा पत्ता मिळाला की मोबाइल इंटरनेटसाठी त्याच्याच दाराशी जायचा, आणि त्याच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या पोर्टला, तर काहीच जोडलेलं नव्हतं. मोबाइल बंद-चालू केल्यावर कधी चालायचा कधी नाही, ते यामुळे. असा संशय आला तर वाय-फायच्या तपशिलात आयपी पत्ता आणि गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जायचं दार, बघावा. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या मोबाइलचे गेटवे वेगळे दिसले की निदान झालं. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर उलटी गोष्ट असते, कुणीच पत्ता दिलेला नाही.

हाच राउटर दुकानासाठी अ‍ॅक्सेस पॉइंट केला. काम ओएनटीपासून तोडूनच करायचं. लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला लावला, १९२.१६८.०.१ उघडलं, आधी वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि चॅनल लावून घेतले. मग त्याचा स्वतःचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ केला, पान तुटतं, लॅपटॉपची तार काढून परत लावली की नव्या पत्त्यावर उघडतं. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद. त्यानंतरच ओएनटीकडून आलेली तार त्याच्या लॅन पोर्टमध्ये. वॅन पोर्ट रिकामं. ज्या राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असतो त्यात हे एका बटणावर होतं, या जुन्यात तो नव्हता. त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच आहेत, त्यातून प्रत्यक्षात ९४ च्या वर मिळत नाही. २०० चा प्लॅन घेतला असता तरी दुकानात ९४ च आले असते.

वरच्या खोलीसाठी मात्र २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा, गिगाबिट पोर्टचा नवा अ‍ॅक्सेस पॉइंट घेतला. घरातल्या वाय-फायसाठी एवढी एकच मोठी खरेदी. त्याचा पत्ता १९२.१६८.१.३. ओएनटीने वाटायचे पत्ते १०० ते १९९ एवढेच ठेवले, आणि दुकानातल्या प्रिंटरला त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून ५० हा कायमचा पत्ता दिला. राउटर रीस्टार्ट झाल्यावर "प्रिंटर ऑफलाइन" येण्याचा त्रास त्याने थांबला.

तिन्ही ठिकाणी नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, म्हणजे मोबाइल चालता-चालता जवळच्याकडे सरकतो. चॅनल वेगळे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. रस्त्यालगतच्या दुकानांचे राउटर बहुतेक ६ आणि ११ वर होते म्हणून दुकानाला १ दिला, धाब्याला ६, वर ११. रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केली की कागदावर वेग दुप्पट दिसतो आणि शेजाऱ्यांची गर्दीही आत येते. दुकानात गिऱ्हाईक पासवर्ड मागतात, त्यांच्यासाठी ओएनटीवर पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क करता आलं असतं, पण त्याची रेंज आता दुकानात नाही आणि जुन्या राउटरचं पाहुणा-नेटवर्क या जोडणीत वेगळं राहत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकांना पासवर्ड देणं बंद करणं हाच सरळ मार्ग होता. बिलाचा संगणक त्याच नेटवर्कवर आहे, हे सांगितल्यावर आप्पांना पटलं.

केळीआडचा कॅमेरा

कॅमेऱ्याची तक्रार सगळ्यांत उशिरा सांगितली गेली आणि तीच सगळ्यांत आवडीने सोडवण्याजोगी होती. कॅमेरा मोटारीच्या खोलीवर सात फुटांवर, गच्चीच्या खिडकीतल्या जुन्या रिपीटरशी २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला. जूनमध्ये मृगबाग लागली तेव्हा मधे मोकळं रान होतं. ९५ मीटर अंतर उघड्यावर काहीच नाही. दिवाळीपर्यंत केळी माणसाच्या डोक्यावर गेली आणि त्यानंतर जोडणी हळूहळू गेली. एप्रिलमध्ये घड धरलेली बाग नऊ फुटांवर उभी होती.

केळीचं खोड बहुतांश पाणीच असतं, पानंही तशीच. पाणी या लहरी शोषून घेतं. आंब्याचं एखादं झाड आडवं येणं वेगळं आणि नव्वद मीटर सलग केळी वेगळी. कॅमेऱ्याची अँटेना मोठी करून ही भिंत ओलांडता येत नाही, वरून जावं लागतं.

नुसतं वरून दिसणं पुरत नाही. लहर सरळ रेषेभोवती फुगलेल्या पट्ट्यातून जाते. ९५ मीटरवर मधोमध तो पट्टा ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे १.१ मीटर त्रिज्येचा असतो, २.४ ला १.७ मीटर. त्याचा निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. म्हणून ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या, घराबाहेर लावायच्या, एकाच दिशेला लहरी सोडणाऱ्या दोन पेट्या घेतल्या. एक गच्चीच्या कठड्यावर २४ फुटांवर, दुसरी विहिरीवर दीड इंची जीआय पाइपाला १६ फुटांवर. विहिरीकडे केळीच्या टोकापासून सात फूट, म्हणजे दोन मीटरच्या वर, अंतर राहिलं. मधे आणखी जास्त. बागेची उंची पुढे फुटा-दोन फुटाने वाढली तरी चालेल. चॅनल १४९. जोडणी उणे ५५ ला स्थिरावली.

९५ मीटर तांब्याची केबलच का टाकली नाही, हा प्रश्न घरातून आला. लांबी १०० मीटरच्या मर्यादेत बसत होती. पण विहीर आणि घर यांच्यात तांब्याची तार म्हणजे अवकाळीच्या विजेला घरात यायची वाट. शिवाय बागेत ठिबकच्या नळ्या ओढताना ती कुठेतरी तुटणारच.

विहिरीवर वीज हा वेगळा प्रश्न. शेतीची थ्री-फेज ठराविक तासच असते, कॅमेऱ्याला चोवीस तास हवी. कॅमेरा ५ वॅट, पेटी ५ वॅट, मिळून दिवसाला २४० वॅट-तास. पाच तासांचं चांगलं ऊन आणि तीस टक्के तूट धरली तर ७० वॅटचं पॅनेल निघतं, म्हणून १०० चं लावलं. बॅटरी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे वापरण्याजोगे २४० वॅट-तास, बरोबर एक दिवस. पेटी मुद्दाम १२ व्होल्टवर चालणारी निवडली.

लॅपटॉप

वरच्या खोलीत सिग्नल उणे ४८ झाला, पिंगची शंभर पाकिटं शंभर परत आली, तरी लॅपटॉपवर वेग ३८ एमबीपीएसच्या पुढे जाईना. मोबाइलवर त्याच टेबलावर ९५ होता. लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, एका वेळी एकच डेटाप्रवाह चालवणारं. २० मेगाहर्ट्झवर त्याची कागदावरची कमाल ७२ आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मी. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसतच नाही. कार्ड बदलण्यापेक्षा टेबलावरच्या लॅपटॉपला अ‍ॅक्सेस पॉइंटमधून दोन मीटरची तार दिली. जे यंत्र जागेवरून हलत नाही त्याला तारच द्यावी.

तो सुरू व्हायला तीन मिनिटं घ्यायचा, ते मात्र नेटचं काम नव्हतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर खिळलेली. जुनी फिरती हार्डडिस्क. तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी बसवायची आहे, आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले असल्याने त्याच वेळी पुढचा निर्णयही घ्यावा लागेल.

सगळं लावून १९ दिवस झाले तेव्हा ओएनटीचा अपटाइम १९ दिवस होता. धाब्यात त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला आहे. डबा सुमारे ८ वॅट घेतो, त्यातून दोन तास निघतात. पण भारनियमनात फक्त ओएनटी चालू राहतो, दुकानातला आणि वरचा अ‍ॅक्सेस पॉइंट बंद होतात. त्यांना वेगळे यूपीएस घ्यायचे की दोघांना इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकायचं, हे अजून ठरलेलं नाही. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात उणे ७४ येतो, तो तसाच सोडला आहे, तिथे कुणी बसत नाही. विहिरीची बॅटरी एक ढगाळ दिवस काढते, सलग तीन काढणार नाही. जुलैत कॅमेरा बंद दिसला तर आधी बॅटरीच्या टोकाला व्होल्ट बघायचे, हे पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवलं आहे.